घरझडती : वॉरंट नसलं, तरी कागद हवा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मला आज कायद्यावर बोलायला सांगितलंय. मी वकील नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि वस्तीत काम करत राहिले. कायदा शिकले तो बहुतेक वेळा चूक झाल्यावर. म्हणून माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

२०१९ चा पावसाळा. सकाळी सातच्या सुमाराला आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी धावत आली. "आई बोलावतीय, पोलीस आलेत." मी पोचले तेव्हा घरात चार पोलीस होते. ताईंच्या दिरावर चोरीचा संशय होता. दीर त्या घरात राहतही नव्हता. ट्रंक उलटी केलेली, अंथरुणं दारात फेकलेली, पिठाचा डबा पालथा. ताई आणि त्यांच्या सासूबाई बाहेर ओट्यावर. शेजारणी आपापल्या दारातून बघत होत्या.

मी मोठ्या आवाजात म्हटलं, "वॉरंट दाखवा. वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही." अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तपासात वॉरंट लागत नाही. कलम १६५ वाचा." मी गप्प बसले. पुढे काय विचारायचं ते मला ठाऊकच नव्हतं.

पोलीस गेल्यावर ताईंनी तांदळाचा डबा बघितला. त्यात गटाचे ११,४०० रुपये होते, त्याच दिवशी बँकेत भरायचे. ते नव्हते. कोणी घेतले, मी सांगू शकत नाही. घरात कोण काय उघडतंय हे बघायला घरचं कोणीच आत नव्हतं. आम्ही तक्रार दिली. तिचं काही झालं नाही. पुढे कोर्टात अर्ज करून कागद मिळवले, तर पंचनाम्यात लिहिलेलं होतं, 'झडतीत काहीही मिळून आले नाही.' खाली दोन पंचांच्या सह्या. त्यांना वस्तीत कोणी ओळखत नव्हतं. ताईंनी दोन घरची भांडी जास्तीची धरली आणि आठ महिन्यांत पैसे फेडले.

मैत्रिणींनो, त्या अधिकाऱ्यांनी कलम चुकीचं सांगितलं नव्हतं. चुकीचं मी बोलत होते. फक्त त्यांनी अर्धंच कलम सांगितलं. उरलेलं अर्धं मला माहीत असतं, तर त्या सकाळी काही वेगळं घडलं असतं. ते अर्धं आज तुम्हाला सांगायचंय.

आपल्या मनात दोन समजुती असतात. एक, वॉरंटशिवाय पोलीस घरात पाऊल टाकू शकत नाहीत. दुसरी, पोलीस काय वाटेल ते करू शकतात. दोन्ही खोट्या आहेत. पहिलीमुळे आपण चुकीचा प्रश्न विचारतो आणि दुसरीमुळे प्रश्नच विचारत नाही.

जुना फौजदारी प्रक्रिया कायदा १९७३ चा. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम १६५ आता कलम १८५ झालंय. ते काय म्हणतं? ठाण्याचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण ज्या गुन्ह्याचा तपास करायचा त्याला अधिकार आहे, अशाच गुन्ह्यात. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. मग अशा गुन्ह्यात या कलमाखाली झडती कुठली?

दुसरं, तपासाला लागणारी वस्तू त्याच घरात आहे असं मानायला सबळ कारण हवं आणि वॉरंट आणेपर्यंत थांबलं तर फार उशीर होईल असं त्याचं मत हवं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे कारण, आणि शक्य तितकं कोणती वस्तू शोधायची आहे तेही, त्याने आधी केस डायरीत लिहायचं. आधी लिहायचं, मग घरात शिरायचं. शक्यतो झडती त्याने स्वतः घ्यायची. हाताखालच्याला पाठवलं, तर का पाठवलं ते लिहायचं आणि त्याला लेखी आदेश द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. घरमालकाने किंवा घरात राहणाऱ्याने अर्ज केला, तर न्यायदंडाधिकाऱ्याने त्याची प्रत फुकट द्यायची. फुकट प्रतीची ही तरतूद जुन्या कायद्यातही होती. आम्हाला ती उशिरा कळली.

वॉरंट म्हणजे न्यायालयाने आधी तपासलेलं कारण. वॉरंट नसेल तिथे पोलिसाने स्वतः कारण लिहायचं आणि न्यायालयाने ते नंतर बघायचं. म्हणजे कागद दोन्हीकडे आहे. म्हणून 'वॉरंट कुठाय?' एवढ्यावर थांबू नका. 'कोणत्या गुन्ह्यात आलात? काय शोधताय? कारण लिहिलंय का?' हे विचारा.

आता झडती कशी घ्यायची ते कलम १०३ मध्ये आहे. त्याच भागातले दोन किंवा जास्त तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. तिथे कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल, तरच बाहेरचे. 'प्रतिष्ठित' म्हणजे बंगल्यातलेच असं कुठे लिहिलेलं नाही. आपल्या वस्तीतली अंगणवाडी सेविकाही प्रतिष्ठित आहे. झडती पंचांच्या समोर झाली पाहिजे. घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू दिलंच पाहिजे. ताईंना ओट्यावर बसवलं, तिथेच हे मोडलं. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली याची यादी करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत घरच्याला द्यायची. बाईची अंगझडती घ्यायची तर ती बाईनेच, आणि सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन.

नव्या संहितेने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे, शक्यतो मोबाइलवर. यादी करतानाचं आणि सह्यांचंही. ही चांगली गोष्ट आहे. पण कॅमेरा कधी सुरू झाला हे बघा. घर उलटंपालटं करून झाल्यावर सुरू केलेल्या कॅमेऱ्यात तांदळाचा डबा दिसणार नाही.

काही गोष्टींची सरमिसळ होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला नेता येत नाही, हा नियम अटकेचा आहे. अपवादात्मक कारण असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. घरझडतीला मात्र या संहितेत रात्रीची अशी बंदी नाही. तसंच, ज्याला अटक करायची तो घरात आहे असं मानायला कारण असेल, तर त्याला शोधायला पोलीस आत येऊ शकतात. पण माणूस शोधायला आलेल्यांनी पिठाचा डबा कशासाठी उघडायचा, हे आपण विचारू शकतो. माणूस डब्यात लपत नाही.

अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याची झडती आणखी वेगळी. कलम १५ खाली विशेष पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय जाऊ शकतो, पण कारणं लिहूनच. पंचांमध्ये किमान एक बाई हवी, सोबत किमान दोन महिला पोलीस हवेत. या पंच-बाईला त्याच भागातली असण्याची अट नाही, म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांना बोलावणं येतं. तुमच्यापैकी काहीजणी गेल्याही असतील. जा, पण जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याखालीच सही करा. आपली एक सही तिथल्या दहा बायकांच्या विरोधात वापरली जाऊ शकते.

मग कोणी विचारेल, पोलिसांनी घरात येऊच नये असं आपलं म्हणणं आहे का? नाही. सासरी कोंडलेल्या सुनेसाठी आपणच न्यायदंडाधिकाऱ्याकडे झडतीचं वॉरंट मागतो. जुनं कलम ९७, आता १००. त्या दिवशी दार उघडावं असं आपल्यालाच वाटतं. घराच्या भिंतीआड काय चालतं हे कोणी बघू नये, असं आपली चळवळ कधीच म्हणाली नाही. आपण म्हणतो, या, पण कारण सांगून या, आणि जे केलंत ते लिहून ठेवा.

हा प्रश्न बाईचा का, तेही सांगते. संशय पुरुषावर असतो. पण झडतीच्या वेळी घरात बहुतेक वेळा बाई असते. तिचे कपडे, तिने साठवलेले पैसे, मुलीच्या लग्नाची भांडी सगळ्यांसमोर दारात येतात. काही मिळालं नाही तरी वस्तीत नाव होतं ते तिच्या घराचं. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजातल्या बायकांना हे नवीन नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात. 'हे लोक तसलेच' हे कलम १८५ मधलं कारण होऊ शकत नाही.

न्यायालयं काय म्हणाली? खरक सिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप होता, पुराव्याअभावी ते सुटले. तरी पोलीस रात्री त्यांच्या दारात येत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटींची उत्तर प्रदेशातली तरतूद रद्द केली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं मात्र तेव्हा मानलं नाही. ते २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य केलं. पण एक कडू गोष्ट लपवत नाही. झडती बेकायदा असली, तरी तेवढ्यावरून तिच्यात मिळालेला पुरावा आपल्याकडे बाद होत नाही. राधाकिशन आणि १९७३ च्या पूरणमल निकालांपासून हे चालत आलंय. म्हणजे चुकीच्या झडतीची शिक्षा पोलिसांना आपोआप मिळत नाही. आपल्या हातात राहतं ते त्या वेळी विचारणं आणि लिहून ठेवणं.

म्हणून दारात पोलीस आले तर अंगावर जाऊ नका, दार अडवू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा आपल्यावरच लागेल. नाव आणि ठाणं विचारा. गुन्हा क्रमांक विचारा. महिला पोलीस आणि वस्तीतले पंच मागा. घरातल्या एका माणसाने पोलिसांबरोबर प्रत्येक कोपऱ्यात उभं राहायचं, ओट्यावर बसायचं नाही. पैसे, दागिने त्यांच्यासमोर मोजून दाखवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. यादीची प्रत मागा. ते गेल्यावर लगेच, घर आवरायच्या आधी, सगळं तारीख-वेळेसह लिहून काढा. लिहिता येत नसेल तर गटातल्या मुलीला बोलवा. मग प्रतीसाठी न्यायालयात अर्ज.

गेल्या वर्षी आमच्याच वस्तीत पुन्हा एक झडती झाली. मी गावात नव्हते. त्याच ताई शेजारणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पंच कोण? मी होते पंच. मी इथलीच आहे." साहेबांनी त्यांना घेतलं. त्या प्रत्येक डब्यापाशी उभ्या राहिल्या. यादी झाली. पंचनामा गटातल्या मुलीने वाचून दाखवला, मगच ताईंनी खाली सही केली, मराठीत, सावकाश. ती सही त्या आमच्या साक्षरता वर्गात शिकल्या होत्या.