मे वेस्ट आणि सेन्सॉरची कात्री

आज ज्या बाईबद्दल आम्ही बोलणार आहोत, तिला तुमच्यापैकी बहुतेकींनी पडद्यावर पाहिलेलं नसेल. ती अमेरिकेतली, आणि तिचे गाजलेले सिनेमे नव्वद वर्षांपूर्वीचे. तिचं नाव मे वेस्ट. चावट विनोद करणारी नटी, अशीच तिची ओळख सगळीकडे करून देतात.

चावट बोलणारा पुरुष आपल्याला नवा नाही. शिमग्यातला, वगातला सोंगाड्या, सिनेमातले दादा कोंडके. चावट बोलणारी बाईसुद्धा नवी नाही, पण ती भेटते हळदीच्या मांडवात, मंगळागौरीच्या जागरणात, बायकाबायकांत. दारात पुरुषाच्या चपला दिसल्या की तिचा आवाज बसतो. तीच बाई भर उजेडात, गर्दीसमोर, आपल्याच मर्जीने बोलायला लागली आणि वर त्याचे पैसेही कमवायला लागली, तर तिचं काय करतात? मे वेस्टचं काय केलं ते ऐका.

तिचा जन्म १८९३ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील मुष्टियोद्धे. लहानपणापासून ती रंगमंचावर नाचगाण्याची कामं करत होती. मोठेपणी स्वतःची नाटकं स्वतः लिहू लागली. १९२६ मध्ये तिने एक नाटक लिहिलं, त्याचं नाव होतं 'सेक्स'. (हा शब्द माईकसमोर बोलायचा की नाही यावर आमची चांगली पाच मिनिटं चर्चा झाली. पण नाटकाचं नावच ते, त्याला आम्ही काय करणार!) नाटक दहा-अकरा महिने जोरात चाललं आणि मग १९२७ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी धाड घातली. तरुणांची नीती बिघडवल्याचा ठपका येऊन तिला दहा दिवसांची कैद आणि ५०० डॉलर दंड झाला. चांगल्या वागणुकीबद्दल दोन दिवसांची सूट मिळून ती आठ दिवसांत सुटली. तुरुंगातही आपण आतून रेशमी कपडे घातले होते, असं ती पुढे मोठ्या ऐटीत सांगत असे. कैदेने तिचं नाव खराब झालं नाही, उलट देशभर पोचलं.

सिनेमात ती आली १९३२ मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकताना. हे वय लक्षात ठेवा. त्या वयात नटीला आईची कामं देतात. ही आली ती हिरे घालून, पुरुषांना पायापासून डोक्यापर्यंत निरखत. उंचीला जेमतेम पाच फूट, म्हणून पायघोळ झग्याखाली जाड तळाचे उंच बूट घालायची, आणि ते घालून चालताना जी डुलत चाल यायची तीच तिची ओळख झाली. पहिल्या सिनेमात भूमिका छोटीच होती, पण आपले संवाद तिने स्वतः लिहून घेतले. त्यात एक प्रसंग आहे. कोट-टोप्या सांभाळणारी मुलगी तिचे हिरे पाहून 'अगबाई, देवा' अशा थाटात थक्क होते, आणि ही पुढे जाता जाता सांगते की या हिऱ्यांशी देवाचा काही संबंध नाही. झालं, एवढंच. वाक्यात एकही वाईट शब्द नाही. सगळी गंमत आवाजाच्या हेलकाव्यात आणि थांबण्यात.

१९३३ मध्ये तिचे दोन सिनेमे आले, 'शी डन हिम राँग' आणि 'आय अ‍ॅम नो एंजल'. मंदीचे दिवस होते आणि पॅरामाउंट कंपनीवर दिवाळखोरीची वेळ आली होती. कंपनी तरली त्यात या बाईच्या तिकिटांचा वाटा मोठा होता असं मानतात. दुसऱ्या सिनेमात ती सर्कशीतली सिंहवाली आहे. लग्नाचं वचन मोडलं म्हणून ती एका पुरुषावर खटला भरते, आणि कोर्टात साक्षीला आलेल्या आपल्या जुन्या ओळखीच्या पुरुषांची उलटतपासणी वकिलाला बाजूला सारून स्वतःच घेते. तो प्रसंग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला आणि पोट धरून हसलो. 'ही बाई कशी आहे' हे ठरवायला जमलेल्या पुरुषांना तीच प्रश्न विचारत असते.

तिची भूमिका खरं तर सगळ्या सिनेमांत एकच. अनेक पुरुष पाहिलेली, त्याची लाज न वाटणारी, पैसा ओळखणारी आणि सगळ्यावर हसणारी बाई. त्या काळी 'वाईट' बायका पडद्यावर भरपूर होत्या, पण शेवटी त्या क्षयाने मरायच्या, नदीत उडी घ्यायच्या किंवा पदर पसरून रडायच्या. हिला काहीच व्हायचं नाही. आमच्या मते सेन्सॉरचं खरं दुखणं हेच होतं. उघडं अंग हिच्या सिनेमात फारसं नव्हतंच. ती तर नखशिखांत जुन्या फॅशनच्या झग्यात असायची.

आता हे सेन्सॉर म्हणजे कोण, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते सरकारी असतं. अमेरिकेत काही राज्यांची स्वतःची मंडळं होती आणि प्रत्येक मंडळ आपापल्या मनाप्रमाणे रिळं कापायचं. सिनेमाला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९१५ चा निकालच होता. सरकार आणखी आत शिरू नये म्हणून सिनेमा कंपन्यांनी विल हेज यांच्या हाताखाली आपलंच ऑफिस काढलं आणि १९३० मध्ये एक नियमावली मान्य केली. लग्नसंस्थेचं पावित्र्य राखायचं, प्रेक्षकाची सहानुभूती पापाच्या बाजूला जाऊ द्यायची नाही, धर्माची थट्टा करायची नाही, असं बरंच काही. पहिली चार वर्षं हे नियम बरेचसे कागदावरच राहिले. मग कॅथलिक चर्चने मोहीम उघडली, लाखो लोकांनी अश्लील सिनेमे न पाहण्याच्या शपथा घेतल्या, आणि १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन या गृहस्थांच्या हाती कात्री आली. त्यांच्या शिक्क्याशिवाय सिनेमा दाखवला तर २५,००० डॉलर दंड. आधी पटकथा तपासायची, मग गाणी, मग तयार सिनेमा.

हे सगळं एकट्या मे वेस्टमुळे झालं असं काही जण लिहितात. ते आम्हाला पटत नाही. गुंडांचे सिनेमे होते, इतर नट्यांचे होते. पण नाव घ्यायला बाई सोपी पडते.

मग तिला सरळ कसं केलं? शब्द कापून फारसं जमत नव्हतं. तिने तर एक युक्तीच काढली होती. पटकथेत मुद्दाम अतिशय भडक वाक्यं घालून ठेवायची. तपासनीस ती खोडून समाधानाने घरी जायचे आणि तिला हवी ती वाक्यं राहायची. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या कुणालाही हे कळेल. म्हणून ब्रीनसाहेबांनी शब्द सोडून गोष्टीलाच हात घातला.

जुलै १९३४ मध्ये तिचा नवा सिनेमा तयार होता. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'यात काही पाप नाही' असा होता. ते नाव बदलून 'बेल ऑफ द नाइन्टीज' असं गुळगुळीत नाव दिलं. जाहिरातीसाठी म्हणे पोपटांना जुनं नाव म्हणायला शिकवलं होतं, आणि नाव बदललं तरी पोपट काही गप्प बसेनात. ही जाहिरातवाल्यांचीच थाप असणार, पण आम्हाला ते पोपट फार आवडले. सिनेमाच्या शेवटी तिचं रीतसर लग्न लावून दिलं. आता लग्न तर 'शी डन हिम राँग'मध्येही सुचवलेलं आहे, तिथेही शेवटी कॅरी ग्रँट तिच्या बोटात अंगठी घालतो. पण ती अंगठी ती अशा नजरेने बघते की लगाम कुणाच्या हाती राहणार याची शंका उरत नाही. 'बेल'मधलं लग्न म्हणजे गुन्हेगाराचं चारित्र्य प्रमाणपत्र!

सगळ्यात मोठी मोडतोड झाली ती १९३६ च्या 'क्लोंडाइक अ‍ॅनी'ची. त्यात ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी माणसाने कोंडून ठेवलेली गायिका असते. स्वतःला वाचवताना तिच्या हातून त्याचा खून होतो आणि ती बोटीने अलास्काकडे पळते. बोटीवर धर्मसेवेला निघालेली अ‍ॅनी नावाची एक साधी बाई तिची मैत्रीण होते आणि वाटेत मरते. पोलीस बोटीवर येतात तेव्हा ही अ‍ॅनीचे कपडे घालून अ‍ॅनी बनते, आणि मेलेल्या अ‍ॅनीला आपले कपडे चढवते. ब्रीन यांच्या काळात सिनेमातून सुमारे आठ मिनिटं गेली. त्यात तो खून गेला आणि ती कपड्यांची अदलाबदलही गेली. म्हणजे गोष्टीचे दोन्ही खांबच गेले. आज सिनेमा पाहताना ही बाई का पळतेय हे नीट कळत नाही, आणि ती अचानक काळ्या पोशाखात भक्तमंडळी जमवताना दिसते. शेवटी ती परत जाऊन कायद्यासमोर उभी राहायचं ठरवते. एवढं करूनही हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर झोड उठवली आणि सिनेमाच्या जाहिराती छापायला नकार दिला.

आमच्यातल्या एकीला हा सिनेमा तिचा सर्वांत चांगला वाटला. गरीब वस्तीत ही बाई उपदेश न करता माणसं जोडते, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हळुवार होतो, असं तिचं म्हणणं. बाकीच्यांना मात्र बांधून घातलेली वाघीण पाहिल्यासारखं वाटलं. वाद अजून मिटलेला नाही.

आपण रेडिओवाल्या, तेव्हा रेडिओवरचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १२ डिसेंबर १९३७, रविवारची संध्याकाळ. एका कॉफी कंपनीच्या लोकप्रिय कार्यक्रमात मे वेस्टने आदम आणि ईव्हच्या गोष्टीवर एक प्रहसन सादर केलं. ईव्हला स्वर्गाच्या बागेत कंटाळा आलेला असतो आणि ती स्वतः सापाला फूस लावून सफरचंद मिळवते. संहिता एनबीसी रेडिओने आधी वाचून मंजूर केली होती. कागदावर कुणाला काही खटकलं नव्हतं. ती बोलली आणि आभाळ कोसळलं. निषेधाची पत्रं आली, सरकारी प्रसारण आयोगाने कान उपटले, आणि रेडिओ कंपनीने संहितेची जबाबदारी घेण्याऐवजी तिलाच हद्दपार केलं. पुढची जवळजवळ बारा वर्षं तिला रेडिओवर जागा मिळाली नाही. संहिता तिची नव्हती, दुसऱ्याने लिहिलेली होती. आवाज तेवढा तिचा.

त्यानंतर उतरण लागली. १९३५ मध्ये ४ लाख ८० हजार डॉलर मिळवणारी, देशात सर्वाधिक कमाई असलेली बाई १९३८ मध्ये चित्रपटगृहाच्या मालकांच्या जाहिरातीत 'तिकीटबारीचं विष' म्हणून छापली गेली. त्या यादीत ग्रेटा गार्बो आणि कॅथरीन हेपबर्नही होत्या, म्हणजे सोबत चांगली होती. १९४३ नंतर तब्बल २७ वर्षं तिचा सिनेमा आला नाही. रंगमंचावर मात्र ती जुनी नाटकं करत राहिली. युद्धात ब्रिटिश वैमानिकांनी आपल्या फुगणाऱ्या लाइफ जॅकेटला 'मे वेस्ट' नाव दिलं, का ते तुम्ही ओळखलं असेल. १९८० मध्ये ती वारली. सेन्सॉरमुळेच आपण पैसे कमावले, असं ती मजेने म्हणायची. सुरुवातीच्या वर्षांपुरतं ते खरंही होतं.

आमच्या चर्चेत दादा कोंडक्यांचा विषय निघणारच होता. त्यांचीही युक्ती तीच, शब्द सोवळे आणि अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरशी त्यांचेही खटके उडाले, पण त्यांच्या भोळ्या नाड्यावाल्या नायकाला कुणी पश्चात्ताप करायला लावला नाही. पुरुषाचा चावटपणा थोडा छाटला की चालतो. बाईने केला तर तिची गोष्टच बदलून मिळते. एकीने विचारलं, पण मे वेस्ट तरी पुरुषांना हवं तेच विकत नव्हती का? विकत होती. पण दुकान तिचं होतं आणि भाव तीच सांगायची. तिच्या सिनेमांना बायकांची गर्दी व्हायची, हेही विसरू नका.

'शी डन हिम राँग' जेमतेम ६६ मिनिटांचा आहे. दुपारची कामं आटोपल्यावर एका बैठकीत संपतो. इंग्रजी सगळं कळलं नाही तरी चालेल, तिचा आवाज ऐका. आणि जमलं तर त्याच दिवशी पाठोपाठ 'क्लोंडाइक अ‍ॅनी' लावा, मग त्यातली वाघीण तुम्हाला कशी वाटली ते केंद्रावर फोन करून सांगा. आमचा वाद तुमच्या मतांवर सोपवला आहे.