गळा आमचा, कॅसेट त्यांची



फडाच्या मंडळींनी मला बजावून ठेवलंय की बाबा, तुम्ही थोडकं बोला आणि कीर्तन लावू नका. म्हणून अभंग घेत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, कागद बघून मला बोलता येत नाही. नातवानं हे उतरून घेतलंय. चुकलं-माकलं तर त्याला धरा.

सगळ्यांनी दिंडीच्या शंभर वर्षांचं सांगितलं. मी सांगणार आहे एका कॅसेटचं.

१९९४ साल. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस सप्ताहात आला, माझा हरिपाठ ऐकला. म्हणला, महाराज, तुमचा आवाज घराघरात गेला पाहिजे. मला काय, हुरूप आला. मी, आमचे मृदंगवाले आणि दोन टाळकरी, असे चौघं जण नाशिकरोडवरून पंचवटी एक्स्प्रेसनं गेलो. भिंतींना गाद्या मारलेली ती खोली. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. सकाळी बसलो ते दिवेलागणीपर्यंत. मधी एकदा वडापाव. संध्याकाळी दीड हजार रुपये हातावर ठेवले आणि एक कागद पुढं केला, सगळा इंग्रजी. म्हणलं हे काय? म्हणले, पैसे पोचल्याची पावती. मी सही केली. चौथी शिकलोय ना, सही येते. अंगठेबहाद्दर असतो तर निदान कुणाला तरी वाचून दाखवा म्हणलो असतो.

दुसऱ्या वर्षी आषाढीला पंढरपुरात प्रदक्षिणेच्या वाटेवर दुकानात माझाच आवाज ऐकू आला. कॅसेटींची ही थप्पी लागलेली. पंचवीस रुपयांना एक. मी माझीच कॅसेट विकत घेतली. वर पांडुरंगाचा फोटो, कंपनीचं नाव ठळक, माझं नाव मागल्या बाजूला बारीक अक्षरात, तेही चुकलेलं. मृदंगवाल्यांचं नावच नाही.

परवा नातवानं दिंडीच्या फोटोंना त्याच कॅसेटचा आवाज लावून यूट्यूबवर टाकलं. तासाभरात निरोप आला की या आवाजाची मालकी दुसऱ्याची आहे, जाहिरातीचे पैसे आले तर त्यांना जातील. पोरगं हसायला लागलं. म्हणलं, आजोबा, तुमच्या गळ्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे.

आपल्या दिंडीत एक वकील माउली चालतात. सिन्नरपर्यंत त्यांनी मला सगळं समजावलं. तुकोबारायांचे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, ते सगळ्यांचे. पण ते शब्द कुणी गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर ते मुद्रण ज्यानं खर्च करून केलं त्याचं, साठ वर्षं. कायदा १९५७ चा. गाणाऱ्याला त्यात काही हक्क मिळायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. पुढं २०१२ साली आणखी एक दुरुस्ती झाली. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी त्यासाठी फार धडपड केली. तेव्हापासून गीत लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला आपला रॉयल्टीचा वाटा कागदावर लिहून देता येत नाही, दिला तरी तो सुटत नाही.

मला ते द्राक्षाच्या हिशेबानं कळलं. कांदा लासलगावला नेला, तोलला, पट्टी हातात आली, की विषय संपला. भाव पडला तर रडायचं, पण कांदा गेला तो गेला. गाणं तसं नाही. गाणं म्हणजे द्राक्षाचा बाग. एकदा लावला की वर्षामागून वर्ष माल. आम्ही एका पेटीच्या भावात अख्खा बाग लिहून दिला.

मी एकटाच फसलो असं समजू नका. त्याच सिन्नर तालुक्यात देशवंडी गाव आहे, वामनदादा कर्डकांचं. १९२२ चा जन्म. शाळा नाही, मुंबईच्या चाळीत मोठेपणी अक्षरओळख झाली, आणि मग हजारो गाणी लिहिली, बाबासाहेबांची, माणुसकीची. ती गाणी कितीकांच्या गळ्यात गेली, कॅसेटींवर गेली. स्वतः वामनदादा मात्र झोळी घेऊन गावोगाव फिरत राहिले. २००४ च्या मे महिन्यात नाशिकात गेले. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. त्यांच्या आवाजातल्या विठ्ठलाच्या गाण्यांशिवाय आपल्याकडं एक तरी जत्रा होते का सांगा.

आणि विठाबाई. पंढरपुरात जन्मली म्हणून विठा नाव ठेवलं. राष्ट्रपतींच्या हातचा मान मिळाला. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई ती. २००२ साली गेली तर दवाखान्याचं बिल भरायला लोकांना पदरचे पैसे घालावे लागले. पुढं शासनानं तिच्याच नावानं पुरस्कार सुरू केला. तमाशाला नाकं मुरडणारे आपल्यातही आहेत, पण माय-बाप हो, त्या बाईचं नाव आपल्या देवाचं होतं.

आता कुणी म्हणेल, महाराज, तुकोबांनी कीर्तनाचं मोल घेऊ नये असं सांगितलंय, मग तुम्ही पैशाचं काय रडता? बरोबर आहे. मी पुष्कळ दिवस यावर गप्प बसलो ते त्याच्यामुळंच. पण बघा, मी मोल नाही घेतलं म्हणून मोल झालंच नाही असं थोडंच आहे? मोल झालं, ते दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलं. आपल्या निष्कामपणावर दुसऱ्यानं दुकान टाकलं.

इथंच थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण पुढचं सांगायला पाहिजे.

त्या दीड हजारातले दोनशे मी मृदंगवाल्यांना दिले, टाळकऱ्यांना पन्नास-पन्नास. बाराशे मी ठेवले. विहिरीची मोटर जळली होती, ती भरून आणली. त्या कॅसेटीत अर्धा तास त्यांचा हात माझ्या आवाजाइतकाच बोलतो, तरी मला तेव्हा काही वाटलं नाही. कीर्तनकार मोठा, पखवाजी मागं, हे आपल्यात चालतच आलंय. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराचा रंगीत फोटो. पाकीट कीर्तनकाराला, मृदंगाला नारळ आणि टॉवेल. आज काही महाराजांची पाकिटं किती जाड झालीत ते तुम्ही जाणता. कंपनीला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते ती यामुळं.

ते मृदंगवाले जाऊन सहा वर्षं झाली. मागल्या वारीआधी नातवाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. माउली कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांना फोनवर ते ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लावा. तीनदा लावलं. मग विचारलं, "यात ह्यांचं नाव कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. बाराशेतला त्यांचा वाटा तीस वर्षांनी दिला, त्यांनी तो दिंडीच्या अन्नदानाला लिहून टाकला.

तर माझं मागणं असं. या अंकात शंभर वर्षांच्या कीर्तनकारांची यादी छापली जातेय. तिच्या शेजारी मृदंगवाले, विणेकरी, टाळकरी, चोपदार यांचीही यादी छापा. संपादक मंडळी हो म्हणलीत, पण आतापर्यंत तेवीसच नावं सापडली. ज्यांच्या घरी बापाच्या, आज्याच्या जुन्या वह्या असतील, फोटोच्या मागं काही लिहिलेलं असेल, त्यांनी ते येत्या एकादशीपर्यंत मंदिरात आणून द्यावं. आणि जी पोरं आता मोबाईलवर रेकॉर्डिंग करायला स्टुडिओत जातात, त्यांनी कागद आधी आपल्या वकील माउलींना दाखवावा. ते पैसे घेत नाहीत, चहा पाजा म्हणजे झालं.

रामकृष्ण हरी.