रॉकवाल्यांची आत्मचरित्रं कानांनी वाचताना

आज गाण्यांबद्दल नाही, गाणाऱ्यांच्या पुस्तकांबद्दल बोलायचंय. आणि तीही डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायची. रॉक संगीतकारांची आत्मचरित्रं, बँडचे इतिहास, हे सगळं मी हल्ली बहुतेक ऑडिओबुकमधूनच ऐकते. भांडी घासताना, लोकलमध्ये, संध्याकाळी चालायला गेल्यावर. कादंबरी ऐकली काय नि वाचली काय, मला फारसा फरक पडत नाही. या पुस्तकांच्या बाबतीत मात्र पडतो, आणि चांगलाच पडतो.

का पडतो, ते आपल्याकडच्या एका उदाहरणावरून सांगते. पु. लं.ची ‘म्हैस’ तुम्ही एकदा त्यांच्या आवाजात ऐकली असेल, तर आता ती छापलेली वाचून बघा. जमणार नाही. कानात तेच बोलत राहतात. ज्या माणसाचा आवाज हेच त्याचं काम आहे, त्याचं पुस्तक त्याच्याच तोंडून ऐकलं की असं होतं. आणि गायकाचा आवाज तर आपल्या ओळखीचा असतोच. फक्त तो बोलताना आपण ऐकलेला नसतो.

आता पहिली गोष्ट, पुस्तक वाचतंय कोण? ऑडिओबुक घेण्याआधी मी हेच बघते. बॉब डिलनचं ‘क्रॉनिकल्स’ २००४ साली आलं, ते वाचलंय शॉन पेन या नटानं. एल्टन जॉनचं ‘मी’, म्हणजे इंग्रजीतलं ‘मी’, त्याच्या सिनेमात त्याची भूमिका करणाऱ्या टॅरन एजर्टननं वाचलंय. एल्टन स्वतः फक्त सुरुवातीला आणि शेवटाला येतो. एजर्टन उत्तम वाचतो, तक्रार नाही. पण ते एक चांगलं सादरीकरण आहे, इतकंच.

कीथ रिचर्ड्सच्या ‘लाइफ’चं प्रकरण त्याहून गमतीदार आहे. हे २०१०चं पुस्तक, ऐकायला वीस तासांहून जास्त. सुरुवातीला जॉनी डेप वाचतो, १९७५ साली आर्कान्सामधल्या फोर्डाइस गावात पोलिसांनी गाडी अडवली तो प्रसंग. मग जो हर्ली नावाचा गायक येतो आणि कीथच्या खरबरीत बोलण्याची झाक आणत पुस्तकाचा मोठा भाग ओढून नेतो. आणि शेवटाकडे खुद्द कीथ. तो आवाज आला की कळतं, इतका वेळ आपण कुणाची तरी नक्कल ऐकत होतो! नक्कल छान होती, पण खुद्द माणूस अर्धवट वाक्य गिळतो, मध्येच स्वतःशी हसतो, आणि ते कुठल्याही नटाला लिहून देता येत नाही.

याच पुस्तकात एक अडचण फार जाणवते. कीथ त्याच्या गिटारबद्दल भरभरून सांगतो, सहावी तार काढून टाकायची, उरलेल्या पाच तारा ओपन जी सुरावटीत लावायच्या, मग हात कसा मोकळा होतो. आणि हे सगळं ऐकताना गिटार वाजतच नाही! गिटारच्या पुस्तकात गिटार नाही. कारण साधं आहे. गाण्याची रचना एकाच्या मालकीची असते, ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या. पुस्तकाच्या प्रकाशकाला दोन्हींची परवानगी वेगवेगळी घ्यायची, पैसे वेगवेगळे द्यायचे. बहुतेक जण त्या भानगडीत पडत नाहीत. यूटूच्या बोनोनं २०२२च्या ‘सरेंडर’मध्ये संगीत घातलंय, चाळीस प्रकरणांना चाळीस गाण्यांची नावं आहेत. पण तो अपवाद. मी काय करते, गाण्याचा उल्लेख आला की पुस्तक थांबवते, गाणं ऐकते, परत येते. वीस तासांचं पुस्तक तीस तासांचं होतं. होऊ दे. आणि कृपा करून ही पुस्तकं दीडपट वेगानं ऐकू नका. तालात जगलेली माणसं आहेत ती, त्यांच्या थांबण्यालाही अर्थ असतो.

थांबण्यावरून ब्रूस स्प्रिंगस्टीन. ‘बॉर्न टू रन’, २०१६. सात वर्षं लिहीत होता, आणि अठराएक तास स्वतः वाचलंय. स्टेजवरचा स्प्रिंगस्टीन तुम्हाला माहीत असेल, गर्जणारा. इथे तो वडिलांबद्दल बोलतो. अंधाऱ्या स्वयंपाकघरात बिअर आणि सिगरेट घेऊन एकटे बसणारे, घुमे, मनाच्या आजारानं पिळलेले वडील. पुढे पहिलं मूल व्हायच्या थोडं आधी हेच वडील शेकडो मैल गाडी हाकत त्याच्याकडे येतात आणि, आपण तुझ्याशी नीट वागलो नाही, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतात. तेवढंच. आणि साठी उलटल्यावर स्प्रिंगस्टीनला स्वतःलाच नैराश्यानं गाठलं, तेही तो सांगतो. नाट्य नाही, हुंदका नाही. पत्र वाचावं तसं वाचतो.

आणि इथेच मला सावध व्हावंसं वाटतं. असा आवाज कानात आला की आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. छापील पानाशी आपण वाद घालतो, समासात प्रश्नचिन्ह काढतो. कानात बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, तो आपला दोस्तच होतो. एकट्या गायकाच्या बाबतीत हे चालून जातं. बँडमध्ये मात्र चार माणसं असतात. पुस्तक लिहिणारा त्यातला एक.

म्हणून आता जॉय डिव्हिजनबद्दल जरा सविस्तर. पुढे आत्महत्येचा उल्लेख आहे, कुणाला नको असेल तर हा भाग सोडून द्या.

मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधले दोन शाळासोबती, पीटर हूक आणि बर्नार्ड समनर. ४ जून १९७६ला दोघं सेक्स पिस्टल्स ऐकायला गेले. सभागृहात मोजकी माणसं होती, पुढे हजारोंनी आपण तिथे होतो असं सांगितलं! हूकनं दुसऱ्याच दिवशी आईकडून उसने पैसे घेऊन बेस गिटार आणली. पुढे गायक म्हणून इयान कर्टिस आला, ड्रमवर स्टीफन मॉरिस. इयान १८ मे १९८०ला गेला, वय २३. दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी विमान धरायचं होतं.

या एका बँडवर घरातल्याच माणसांची चार पुस्तकं आहेत. इयानची पत्नी डेबोरा कर्टिसचं १९९५ साली, हूकचं २०१२, समनरचं २०१४, मॉरिसचं २०१९. हूकचं ‘अननोन प्लेझर्स’ मी ऐकलं, त्याच्याच आवाजात. जाड सॅलफर्डी उच्चार, सुरुवातीला अर्धं कळत नाही. मग कान बसतो आणि माणूस आवडायलाच लागतो. मोडक्या व्हॅनच्या गोष्टी, एकमेकांच्या खोड्या, शिव्या. त्याचं बेस इतकं वरच्या पट्टीत का वाजतं, तर स्पीकर भंगार होता आणि समनरची गिटार मोठ्यानं वाजायची. खालचे सूर वाजवले तर स्वतःचंच स्वतःला ऐकू यायचं नाही. म्हणून हा वर सरकला, आणि इयानला ते आवडलं. जगभर ओळखला जाणारा तो बेसचा आवाज जन्मला तो असा, ऐकू येत नव्हतं म्हणून.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. इयानचे शब्द त्यांनी तेव्हा नीट ऐकलेच नव्हते, हे या मंडळींनी पुढे वारंवार कबूल केलंय. गाण्यांत काय चाललंय ते तो गेल्यावर कळलं. जानेवारी १९७९मध्ये त्याला अपस्मार असल्याचं निदान झालं, स्टेजवर झटके यायला लागले, तरी कार्यक्रम चालूच. एप्रिल १९८०मध्ये त्यानं गोळ्या घेतल्या, आणि लगेचच, ८ तारखेला, बरी गावात कार्यक्रम. तो दोनेक गाणी गायला, बाकीची दुसऱ्यांनी गायली, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. विचारलं की इयान म्हणायचा मी ठीक आहे, आणि सगळे मानायचे. सगळ्यांनाच ते मानायचं होतं, बँड वर चालला होता.

हूक हे लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. पण त्याचा विनोद इतका चालतो की हा भागही आपण त्याच्या बाजूनं ऐकतो. म्हणून त्यानंतर डेबोराचं पुस्तक घ्या. मी ते कागदावर वाचलं, आणि कागदावर वाचलं ते बरंच झालं असं वाटतं. व्हॅनमध्ये धमाल चालली होती तेव्हा तिच्या पदरात तान्ही मुलगी होती, पैशाची ओढाताण होती, नवऱ्याचं आजारपण होतं, आणि बायकांनी कार्यक्रमांना यायचं नाही असा रिवाज. हूकच्या पुस्तकातले काही हसरे प्रसंग तिच्या घरातून बघितले की हसू येत नाही. समनर आणि हूक तर अकराव्या वर्षापासूनचे मित्र, २००७ नंतर त्यांची कोर्टकचेरी झाली. दोघांची पुस्तकं लागोपाठ घेतलीत तर एकाच व्हॅनमधून ही माणसं जात होती ना, असा प्रश्न पडेल.

आणि ज्याच्याबद्दल हे सगळे बोलतात, त्याचं पुस्तक नाही. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचंही नाही. या माणसांची बाजू दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकायची, आणि सांगणारा कितीही प्रेमळ असला तरी तो सांगतो स्वतःचीच गोष्ट. पॅटी स्मिथचं ‘जस्ट किड्स’ याला थोडं वेगळं पडतं. १९८९ साली गेलेल्या रॉबर्ट मॅपलथॉर्पबद्दलचं ते पुस्तक तिनं स्वतः वाचलंय, जरा सपाट, काही उच्चार घरगुती. पण ती स्वतःला मागे ठेवते आणि त्याला पुढे करते. असं फार थोड्यांना जमतं.

कुणी विचारेलच, सुरुवात कुठून करू? इंग्रजी ऐकायचा सराव कमी असेल तर पॅटी स्मिथ, ती सावकाश बोलते. मग स्प्रिंगस्टीन. हूक तिसरा, आणि त्याच्या आधी ‘क्लोजर’ हा अल्बम एकदा ऐका, पुस्तक संपल्यावर परत एकदा. इयान गेल्यानंतर दोन महिन्यांनी आला तो. या वेळी बेस नको, शब्द ऐका.

पुढच्या भागात ऑडिओबुकमधल्या मराठी आवाजांबद्दल बोलू. तुम्ही कुणाला ऐकताय ते कळवा. भेटूच.