संहितेविना, दोन शहरांचे नाटक



सूत्रसंचालकांनी मला ‘नाटकवाला’ म्हटले. पोटापाण्यासाठी मी जर्मनीत इंजिनिअरच आहे. नाटक हौशी, आणि तेही संहिता नसलेले. प्रेक्षकांतून कुणी ‘रेल्वे फलाट’ म्हणतो आणि आम्ही तिथेच सुरू होतो. तमाशातली बतावणी आठवा.

या प्रकाराचे एक गुरू कीथ जॉन्स्टन. त्यांनी लंडनमध्ये सुरुवात केली तेव्हा, म्हणजे १९६८ पूर्वी, तिथे नाटकाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. न लिहिलेली संहिता दाखवणार कशी? पुढे १९७७ साली कॅनडातल्या कॅल्गरीत त्यांनी कुस्तीच्या थाटात ‘थिएटरस्पोर्ट्स’चे सामने सुरू केले. आता ते अनेक देशांत होतात.

आमच्याकडे परदेशी गट येतो तेव्हा पाहुणे आमच्याच घरी सोफ्यावर झोपतात. दिवसा एकमेकांना शिकवायचे, रात्री मिसळून प्रयोग. भाषा बहुधा इंग्रजी, आणि इथेच माझे भांडण आहे. ज्याची इंग्रजी सफाईदार, तो प्रवेश खाऊन टाकतो. बाकीचे नुसते झाड होऊन उभे! म्हणून एक प्रवेश ज्याच्या त्याच्या भाषेत, असा हट्ट मी धरला.

प्रागची पाहुणी चेकमध्ये कडाडून भांडत होती. मला एक अक्षर कळेना. मी म्हटले, “अगं, आधी चहा घे.” ती थबकली. “चाय?” चेकमध्येही चहाला चायच म्हणतात. तिने हवेतला कप घेतला, फुंकर मारली आणि बशी मागितली. समोरचे जर्मन प्रेक्षक खो-खो हसले.

पुढच्या वर्षी प्रागला जायची पाळी आमची. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगतो: त्या प्रवेशात मी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही.