कोऱ्या प्लेटची साक्ष

दोस्तहो, मी उभा राहिलोय एका कोऱ्या प्लेटबद्दल बोलायला.

बी.एस्सी.ला आमचं प्रॅक्टिकल म्हंजे जर्नल. गेल्या वर्षीचं आणायचं, आकडे उतरवायचे, सही घ्यायची. खलास. विज्ञान म्हंजे हेच, असं आम्हालाही वाटायचं.

एकदा मात्र खरं काम हातात आलं. ई. कोलाय जिवाणूच्या पोटात परका डीएनए घालायचा. पीग्लो नावाचं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं. त्यात जेलीफिशचं चमकणारं जनुक, सोबत अँपिसिलिनला पुरून उरणारं दुसरं. डीएनएवर ऋण भार, जिवाणूच्या आवरणावरही ऋण. दोघं एकमेकांना लोटतात. म्हणून कॅल्शियम क्लोराइड, बर्फ, 42 अंशांच्या पाण्यात 50 सेकंद, पुन्हा बर्फ. एवढं करून लाखो जिवाणूंतल्या थोड्यांतच डीएनए शिरतो. कोहेन, चांग आणि सू यांनी 1972 साली याच कॅल्शियमच्या वाटेनं ई. कोलायमध्ये प्लाझ्मिड घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चारही प्लेटा कोऱ्या. शेजारच्या गटाची हिरवी चमकत होती. मित्र म्हणाला, "त्यांचंच लिही ना रे. कोण बघतंय?" मी पेन उचललंही होतं.

पण चौथी प्लेट डोळ्यांत खुपली. तिच्यात औषध नव्हतं, प्लाझ्मिड नव्हतं. तिथं जिवाणूंचा दाट थर यायलाच हवा होता. अगर तेच, इनक्युबेटर तोच, शेजाऱ्यांचं उगवलं. म्हणजे आमचे जिवाणू प्लेटवर पडायच्या आधीच मेले. मारले कुणी? आम्हीच. थर्मामीटर न बघता किटलीतलं पाणी ओतलं होतं.

मी तेच लिहिलं. मार्क गेले. आठवड्यानं पुन्हा केलं, पाणी मोजून. बिनप्लाझ्मिडचे जिवाणू साध्या प्लेटवर माजले, अँपिसिलिनवर एकही नाही. प्लाझ्मिडवाले अँपिसिलिनवर जगले, पण पांढरेच. अरॅबिनोज साखर घातलेल्या प्लेटवर मात्र अतिनील दिव्याखाली हिरवे पेटले. जनुक दोन्हीकडे होतं, साखरेनं खटका दाबला. शेवटी सगळं ब्लीचमध्ये बुडवलं. औषधाला न जुमानणारा जिवाणू गटारात सोडायचा नसतो.

दोस्तहो, हिरवा उजेड कुणालाही आवडतो. मला शिकवलं ते कोऱ्या प्लेटनं. उसनं जर्नल पास करतं, शिकवत नाय. तुमची प्लेट कोरी असेल तर कोरीच लिहा. आणि का कोरी, ते शोधल्याशिवाय उठू नका.