प्लग काढला, तरीही

कुवेतमध्ये धुळीचं वादळ होऊन गेलं की आपल्यातले बरेच जण शुक्रवारी जुना डेस्कटॉप उघडून बसतात. मीही बसतो. कॅबिनेटमधली धूळ खुशाल झटका. पण आतला तो पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, त्याचे स्क्रू काढण्याआधी माझं जरा ऐका.

इथली वीज 240 व्होल्ट. त्या डब्यात एसीची डीसी झाली की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 340 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. ते उतरवायला रेझिस्टर असतो, पण जुन्या सप्लायमध्ये तो गेलेला असला तर बाहेरून कळत नाही. घरातला ट्रिप होणारा ब्रेकरही इथे वाचवत नाही, कारण झटका भिंतीतून येतच नाही. मला सालमियाच्या घरी असाच बसला, प्लग काढून दहा मिनिटांनी. शेजारी मुलगा टॉर्च धरून उभा होता. आधी त्याने हात घातला असता तर? हे अजून डोक्यातून जात नाही.

आत हात घालण्याआधी मल्टिमीटर डीसीच्या 600 किंवा 1000 व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडू नका, मोठी ठिणगी उडते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा तर नकोच. रॅम बसवताना तो ठीक, इथे तो तुम्हाला अर्थिंगशी बांधून ठेवतो.

मोजता येत नसेल तर डबा उघडूच नका. हवालीच्या इब्न खल्दून रस्त्यावर नवा मिळतो. घासाघीस मात्र करा.