दुसरं कडवं



लग्नसराईत आपल्या दिग्रसच्या रस्त्यांवरून वरात निघाली की घरातल्या फळीवरची भांडीसुद्धा थरथरतात. डीजेवर ‘झिंगाट’ लागतं, धृपद वाजतं, पोरं रंगात येतात आणि कडवं सुरू व्हायच्या आत दुसरंच गाणं चढतं. मोबाईलवर तरी वेगळं काय होतं? रीलमध्ये जेवढा तुकडा गाजला तेवढाच सगळ्यांना पाठ. शाळेतल्या पोरांना गाणं म्हणायला सांगा, धृपद झोकात म्हणतील. पुढचं कडवं विचारलं की एकमेकांकडे बघतील. जुनी गाणी सोन्याची आणि नवी टाकाऊ, हे मला पटत नाही, आणि ते सांगायला मी आलोही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गाणं जुनं असो की नवं, त्याचा जीव कडव्यात असतो आणि आपण कडवं ऐकायचं सोडत चाललो आहोत.

धृपद दारातून हाक मारतं, कडवं आपल्याला आत नेऊन बसवतं. हे चालीतही ऐकू येतं. बहुतेक गाण्यांत धृपद मधल्या सुरांत फिरतं, कुणालाही गुणगुणता यावं असं. कडवं लागलं की चाल वर चढते, गाणाऱ्याचा आवाज ताणला जातो, आणि शेवटच्या ओळीत ती हळूच उतरून धृपदाला येऊन मिळते. ही उतरण नीट ऐका. संगीतकाराची खरी परीक्षा तिथे असते. जोड उघडी पडली तर गाणं दोन तुकड्यांचं वाटतं. जोड साधली तर तेच धृपद, त्याच शब्दांत, त्याच सुरांत परत येतं आणि तरी पहिल्यापेक्षा जास्त काही सांगून जातं, कारण मधल्या चार ओळी आपण ऐकलेल्या असतात.

गाण्याची ही घडण घट्ट करण्यात तबकडीचा मोठा हात आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. धृपद, कडवी आणि मधले वाद्यांचे तुकडे, सगळं त्यात बसवायचं. आपल्या विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात रेकॉर्डवर आली. मराठी भावगीताची सुरुवात अनेक जाणकार तिथून धरतात. मैफलीत तास तास गाणं ऐकणाऱ्यांना तीन मिनिटांत संपणारं गाणं तेव्हा तोकडं वाटलं असेल. पण त्या तीन मिनिटांत एकही सूर वाया घालवून चालत नव्हतं, हे विसरू नका.

सगळी गाणी काही तबकडीच्या मापाने कापलेली नसतात. होळीला दिग्रसच्या आसपासच्या तांड्यांत बंजारा मंडळी लेंगी गातात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. गाण्याची लांबी तिथे नाचणाऱ्यांचे पाय ठरवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आपल्या विदर्भात गावोगाव म्हटली जातात, त्यांतही धृपद सगळ्यांचं असतं. भजनाला बसाल तेव्हा खंजिरीची लय कुठल्या कडव्यापासून वाढू लागते, तेवढं टिपा. ती उगाच वाढत नाही.

आता गझल. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठीला गझलेची गोडी लावली, आणि ‘उंबरठा’ चित्रपटातून, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लताबाईंच्या आवाजात, ती घराघरांत गेली. गझलेत प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि आपल्यापुरता पुरा. अमरावती जिल्ह्यातलेच भीमराव पांचाळे किंवा दुसरं कुणीही चांगलं गाणारं ऐकाल, तेव्हा बघा, शेराची पहिली ओळ गाणारा पुन्हा पुन्हा घोळवतो. कधी एका शब्दावर थांबतो, कधी वेगळ्या सुरावरून येतो. घाईच्या माणसाला वाटतं, हा पुढे का जात नाही? अहो, तो तुम्हाला विचार करायला सवड देतो आहे! पहिल्या ओळीने मनात प्रश्न टाकला आहे. दुसरी ओळ काय असेल, हे तुम्ही मनात रचून पाहायचं. यमक कुठे येणार हे तुम्हाला आधीच्या शेरांवरून ठाऊक असतं, फक्त कुठला शब्द येणार ते ठाऊक नसतं. मग दुसरी ओळ येते आणि आपसूक दाद जाते. गझलेचा सगळा आनंद त्या थांबण्यात साठलेला आहे, आणि तो पुढे ढकलून मिळत नाही.

पुढे ढकलण्याची सोय रेडिओने कधीच दिली नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ‘बिनाका गीतमाला’ ऐकू लागले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीनेच सिनेमाची गाणी वाजवणारी विविध भारती सुरू केली. लोकांची अभिरुची मनाईने घडत नाही, हे तेव्हाच दिसलं. पण सिलोन असो की विविध भारती, गाणं लागलं की संपेपर्यंत ऐकावं लागे. न आवडलेल्या गाण्याचं दुसरं कडवंही कानावर पडे, आणि कधी तेच आवडून जाई. फोनवरच्या बोटाने ही संधी आपल्याकडून काढून घेतली आहे.

ज्या ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’वर वराती नाचतात, त्याच चित्रपटातलं ‘याड लागलं’ एकदा एकट्याने, हेडफोन लावून ऐका. अजय-अतुल यांनी २०१६ च्या या चित्रपटासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत मुद्रित केला. धृपद आणि कडव्याच्या मधल्या जागेत तो वाद्यवृंद केवढा पसरतो, ते ऐका. इतकी मेहनत घेतलेली ती जागा डीजेवाला सर्वांत आधी कापतो.

माझं बोलणं संपल्यावर जे गाणं लागेल, ते जुनं की नवं हे बघू नका. पहिलं कडवं झालं की हातातलं काम ठेवा. मधल्या तुकड्यात बासरी आहे, व्हायोलिनं आहेत की सतार, तेवढं ओळखा. दुसरं कडवं पहिल्याच चालीवर आहे की संगीतकाराने एखाद्या ओळीत वाट बदलली आहे, ते ऐका. घरात आणखी कुणी असेल तर त्यांनाही विचारा.